हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील २०२१ साली गेले. मागे आई, दोन भाऊ आणि तुम्ही. शेती आठ एकर. वारसनोंद झाली आहे, सातबाऱ्यावर चौघांचीही नावं आहेत. आता भाऊ म्हणतात, "बँकेचं काम अडलंय, सातबारा मोकळा करायचाय, पुढच्या आठवड्यात तालुक्याला येऊन हक्कसोडवर सही करून जा." तुमचं लग्न १९९२ सालचं, त्यामुळे कायद्यानं तुमचा हक्कच नाही, असंही कुणी सांगितलं. तुम्हाला शेती कसायची नाही, भांडायचं नाही, माहेर तोडायचं नाही. सही करू का, आणि केलीच तर पुढे कधी परत घेता येईल का, हे तुम्ही विचारलं आहे.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण त्यावर बाकीचं ठरतं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र तुमच्या एकटीच्या मर्जीनं मागे घेता येत नाही. फसवणूक, दबाव किंवा चुकीची माहिती देऊन सही घेतली हे दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि तो दावाही खरी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. "पुढे बघून घेऊ असं भाऊ म्हणाला होता" एवढ्यावर असा दस्त रद्द होत नाही. आणि हक्कच नाही म्हणणाऱ्यांना एक विचारा: हक्क नाही तर सही कशाला हवी? नसलेला हक्क सोडून घ्यायला कुणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जात नाही.

"सही करू की नको" या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत: नाव, हिस्सा आणि ताबा. नाव म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. हिस्सा म्हणजे मालकीतला तुमचा वाटा, तो वारसा कायद्यानं मिळतो, तलाठ्याच्या नोंदीनं नाही. ताबा म्हणजे प्रत्यक्ष जमीन कोण कसतं. हक्कसोडपत्रानं पहिल्या दोन गोष्टी कायमच्या जातात. पण भावाला आज ज्याची गरज आहे ती बहुतेक वेळा तिसरी असते. त्याला निर्धोकपणे जमीन कसायची असते, कर्ज आणि अनुदान मिळवायचं असतं. नाव आणि हिस्सा तुमच्याकडे ठेवून ताबा पूर्णपणे भावांकडे राहू शकतो, आणि त्यासाठी कुठलाही दस्त लागत नाही. नाव ठेवणं म्हणजे वाटप मागणं नव्हे. हा फरक सांगितल्यावर निम्मे वाद तिथेच निवतात, म्हणून भावांशी बोलताना सुरुवात इथूनच करा.

आता १९९२ च्या लग्नाचं. हा गैरसमज अगदीच निराधार नाही, तो जुन्या कायद्यातून आला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा होता, पण वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगा जन्मानं सहहिस्सेदार आणि मुलगी नाही, अशी रचना होती. महाराष्ट्रानं १९९४ साली ती बदलली आणि मुलींना सहहिस्सेदार केलं. मात्र २२ जून १९९४ पूर्वी ज्यांची लग्नं झाली त्या मुली वगळल्या. गावात आजही सांगितलं जातं ते हेच. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि तिनं विवाहित-अविवाहित हा भेद काढून टाकला. उरलेली शंका सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात मिटवली: मुलगी जन्मानंच सहहिस्सेदार आहे आणि २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. तुमचे वडील तर २०२१ साली गेले, त्यामुळे लग्नाचं वर्ष इथे मुळीच आड येत नाही. लग्नात खर्च केला, दागिने घातले म्हणून वाटा संपला, असंही कायदा कुठे म्हणत नाही.

फरक किती पडतो ते तुमच्याच आठ एकरांवर पाहा. आठ एकर म्हणजे ३२० गुंठे. जमीन वडिलोपार्जित धरू. जुन्या पद्धतीनं आधी वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे पडले असते, प्रत्येकी ८० गुंठे. मग वडिलांचे ८० गुंठे चौघांत वाटून तुमच्या वाट्याला २० गुंठे आले असते आणि भावांना प्रत्येकी १०० गुंठे. आज तुम्हीही पहिल्या वाटणीत आहात. वडील, आई, दोन भाऊ, तुम्ही असे पाच वाटे, प्रत्येकी ६४ गुंठे. वडिलांचे ६४ पुन्हा चौघांत, प्रत्येकी १६. म्हणजे आई, दोन भाऊ आणि तुम्ही, सगळ्यांना सारखे ८० गुंठे, दोन एकर. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असती तरी तुमच्या कुटुंबात आकडा हाच आला असता. सहीनं जाणार आहेत ते हे दोन एकर. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या एकूण वहितीदारांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. शेतात राबणाऱ्या बायका किती असतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यांची नावं कागदावरून जाण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे असाच एखादा दस्त.

काही गोष्टी मात्र तुमच्या कागदांवर अवलंबून आहेत आणि त्या पाहिल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू नये. पहिली, जमीन वडिलांकडे कशी आली. त्यासाठी चालू सातबारा पुरत नाही. प्रत्येक गटाचा सातबारा, खात्याचा आठ-अ (एका खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी कशी बदलली त्याच्या नोंदी, गाव नमुना ६) आजोबांच्या नावापर्यंत मागे जाऊन काढा. खरेदीची असेल तर खरेदीखताचा फेरफार दिसेल, कूळकायद्यानं मिळालेली असेल तर ३२-ग, ३२-म या कलमांचा उल्लेख असेल. दुसरी, मृत्युपत्र. स्वकष्टार्जित जमीन वडील मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात, वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःच्या वाट्यापुरतं. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, पण दोन साक्षीदार लागतात, म्हणून अचानक निघालेला कागद नीट तपासा. तिसरी, जुनी वाटणी. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं वाटप झालं असेल तर ते कायम राहतं. साध्या कागदावरची किंवा तोंडी वाटणी पुढे केली तर ती सहसा टिकत नाही, सरकारी दप्तरातला ठोस पुरावा असेल तरच आणि तोही अपवादानं.

आणि हे सगळं हिंदू वारसा कायद्याखालच्या कुटुंबांसाठी आहे (त्यात बौद्ध, जैन, शीख येतात). मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे हिशोब वेगळे आहेत, गोव्यात तर वारशाचा कायदाच वेगळा आहे. अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही, तिथे रूढी पाहिली जाते. पण जुलै २०२५ मध्ये एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बाईला वगळणारी रूढी कुणी सिद्ध केलेली नसताना केवळ ती बाई आहे म्हणून वाटा नाकारता येणार नाही. आदिवासी भगिनींनी हा निकाल वकिलाला जरूर दाखवावा.

आता भावांची अडचण. ती खरी असू शकते, ती झटकून टाकू नका. सातबाऱ्यावर चार नावं असली की सोसायटी किंवा बँक सहखातेदारांची संमती मागते, ठिबक किंवा विहिरीच्या अनुदानाला संमतीपत्र लागतं, वीजजोडणीलाही लागतं. या प्रत्येक ठिकाणी संमतीपत्र चालतं, हक्कसोड लागत नाही. तेव्हा भावाला सांगा की कार्यालयानं नेमकं काय मागितलं आहे ते लेखी आण. संमतीपत्रात कामाचं नाव (अमुक गटात विहीर, अमुक सालचं पीककर्ज), गट नंबर आणि "माझा मालकी हक्क कायम ठेवून" हे शब्द असू द्या. कर्जाच्या कागदांत तुम्ही नुसती संमती देत आहात की सहकर्जदार, जामीनदार होत आहात, की तुमचा हिस्साही गहाण जातो आहे, हे वाचून घ्या. कर्ज भावाच्या हिश्श्यापुरतं असेल तर निर्धास्तपणे द्या. कुलमुखत्यारपत्र मात्र सोय म्हणूनही देऊ नका. त्यात बहुतेक वेळा "विक्री करणे, दस्त नोंदवून देणे" ही ओळ आधीच छापलेली असते आणि मग हक्कसोडाचीही गरज उरत नाही.

बँक खरंच हिस्से वेगळे मागत असेल तर त्याचाही रस्ता आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळ्या सहधारकांनी मिळून तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. सगळे राजी असतील तर हा सर्वांत स्वस्त आणि सरळ मार्ग. पुढे भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिश्शाची मोजणी करून घ्या, नाहीतर कागदावर हिस्से पडतात आणि बांध कुठे हा वाद दहा वर्षांनी उभा राहतो. तुकडेबंदीची, म्हणजे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडायला असलेल्या मनाईची, भीती घातली जाईल. हे किमान, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्र, २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. तुमचा ८० गुंठ्यांचा हिस्सा त्याच्या कितीतरी वर आहे. फक्त तो चार गटांत चिंध्या करून घेऊ नका, शक्यतो एकाच गटात घ्या, आणि तिथवर जाणाऱ्या वाटेचा व पाण्याच्या पाळीचा उल्लेख वाटपातच लिहून घ्या. वाट न लिहिल्यामुळे हिस्सा मिळूनही पडीक राहतो, हे फार वेळा घडतं.

एवढं करूनही, सगळं समजून, तुम्हाला भावांसाठी हक्क सोडायचा असेल, तर तो तुमचा अधिकार आहे आणि त्यात चूक काहीच नाही. फक्त तो समजून सोडा. दस्ताचा मसुदा किमान आठवडाभर आधी घरी मागवा. निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसून वाचलेला दस्त हा वाचलेला नसतो. त्यात गट नंबर मोजून लिहिलेत का पाहा. "व इतर सर्व स्थावर-जंगम मिळकती" असे शब्द असतील तर घर, गावठाणातली जागा, ठेवी सगळं त्यात ओढलं जाऊ शकतं, ते खोडायला लावा. हक्क कुणाच्या लाभात सोडता आहात ते नावानिशी लिहा. दोन भावांपैकी एकाच्याच नावे झालं तर पुढचं भांडण तुमच्या सहीतून सुरू होईल. मोबदला ठरला असेल तर तो दस्तात आकड्यानं आणि बँकेच्या तपशिलासह लिहा, सहीच्या दिवशीच घ्या. मोबदला लिहिला की मुद्रांक शुल्क वाढतं म्हणून "विनामोबदला" लिहू आणि पैसे दिवाळीला देऊ, असं सुचवलं जातं. तसं केलंत तर ते पैसे मागायला तुमच्याकडे कागद उरत नाही. आणि सगळं किंवा काहीच नाही, असंही नसतं. एका गटातला हक्क सोडून दुसऱ्या गटात वीस गुंठे ठेवता येतात. माझं मत विचाराल तर थोडी का होईना, जमीन नावावर ठेवा. शेतकरी म्हणून मिळणारं कर्ज, पीकविमा, भूसंपादनाची भरपाई हे सगळं सातबाऱ्यावरच्या नावामागे येतं.

नोंदणी न झालेल्या शंभर रुपयांच्या स्टँपवर किंवा तलाठ्यासमोरच्या जबाबावर हक्क सुटत नाही, स्थावर मिळकतीचा हक्क सोडायला नोंदणीकृत दस्तच लागतो. असा जबाब पूर्वी दिला असेल आणि त्यावर फेरफार झाला असेल तर घाबरू नका. फेरफारानं मालकी जात नाही, पण ती नोंद दुरुस्त करण्याची खटपट आता करावी लागेल.

नोंदींबद्दल थोडं सविस्तर, कारण चुका इथेच होतात. तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे म्हणता, पण कुठे आहे ते पाहा. कब्जेदार सदरी (मालकांच्या रकान्यात) भावांसोबत आहे की उजवीकडे "इतर हक्क" या रकान्यात आहे? बहिणींची नावं इतर हक्कात टाकण्याची पद्धत बरीच वर्षं चालली. तिथे नाव असलं की बाई वारस दिसते पण मालक दिसत नाही, आणि व्यवहार करणारे तिची सही टाळतात. तसं असेल तर नाव कब्जेदार सदरी घेण्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज द्या, वारसाचा मूळ फेरफार जोडा. जुन्या उताऱ्यावर एखाद्या भावापुढे "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असं लिहिलेलं असेल, तर तो एकटा मालक नाही, तो सगळ्यांच्या वतीनं आहे, हे लक्षात ठेवा. नाव माहेरचं लागलंय की सासरचं, तेही पाहा. आधारवर एक आणि उताऱ्यावर दुसरं असेल तर ऐन वेळी अडतं. "भ्र." (भ्रतार, म्हणजे पती) लावून सासरचं नाव आणि पुढे वडिलांचं नाव अशी नोंद करून घेतली तर ओळख पटवणं सोपं जातं.

तुम्ही गावात राहत नाही, म्हणून "आपली चावडी" या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर महिन्यातून एकदा गाव निवडून बघण्याची सवय लावा. गावात कुठला फेरफार नोंदवला आणि हरकतीची मुदत चालू आहे का, ते तिथे दिसतं. नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या, म्हणजे ते प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि मंडळ अधिकाऱ्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. मुदत गेली आणि नोंद प्रमाणित झाली तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडा आणि नोंद तुम्हाला कधी व कशी कळली ते तारखेनिशी लिहा.

भाऊ ऐकेनातच आणि जमीन विकायला निघाले तर महसुली कार्यालयात चकरा मारत बसू नका. मालकीचा वाद तहसीलदार सोडवू शकत नाहीत, तो दिवाणी न्यायालयाचा आहे. वाटपाचा दावा लावा, विक्रीला मनाईचा अर्ज त्याच दिवशी द्या, आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात या नोंदणीला महत्त्व आहे, ती नसेल तर मधल्या काळात घेणारा "मला दाव्याची कल्पना नव्हती" म्हणू शकतो. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१०० आहे. आणि एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरवतं, शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, म्हणजे तहसील आणि भूमी अभिलेखाकडून होतं. हुकूमनामा मिळाला म्हणून थांबलेल्या बायकांचा ताबा वर्षानुवर्षं राहून जातो. पुढचा अर्ज लगेच करायचा असतो.

भावांच्या मनातली एक भीती बहुतेक बोलली जात नाही: जमीन जावयाच्या घरात जाईल. यावर तुम्हीच आपणहून बोला. वारशानं आलेली जमीन पूर्णपणे तुमच्या मालकीची असते. तुम्ही हयात असेपर्यंत तुमच्या पतीचा त्यावर काडीचाही हक्क नाही. तुमच्यामागे मृत्युपत्र नसेल तर ती मुलांना आणि पतीला जाते. मूलबाळ नसेल तर माहेरी, वडिलांच्या वारसांकडे परत येते. तुम्ही मृत्युपत्र करून भाच्याच्या नावेही करू शकता. विकायची वेळ आली तर आधी भावांना विचारीन, हेही सांगून टाका. वारसा कायद्याच्या कलम २२ मध्ये सहवारसाला आधी विचारण्याची तरतूद आहेच, आणि ती शेतजमिनीलाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली सांगितलं आहे.

आणि आईचं विसरू नका. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे, पण अशा वेळी त्याच दस्तावर, त्याच दिवशी, आईचा अंगठाही घेतला जातो. तिचे दोन एकर हे तिचं म्हातारपण आहे. तिला कुणाला द्यायचेच असतील तर हक्कसोडाऐवजी बक्षीसपत्र करावं आणि त्यात "मला मरेपर्यंत सांभाळण्याच्या अटीवर" असं स्पष्ट लिहावं. मग सांभाळलं नाही तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ खाली तो दस्त रद्द करून मागता येतो, त्यासाठी दिवाणी दाव्याची वाट पाहावी लागत नाही. तुम्ही स्वतःचं काहीही ठरवा, पण पुढच्या आठवड्याच्या आत एकदा गावी जाऊन आईशी एकटीशी बोला, आणि दस्ताच्या मसुद्यात तिचं नाव आहे का ते बघा.